सख्खी बहीण, पण प्रतिनिधी नाही

कुणाचं डोकं फिरलंय असं म्हणायचं असेल तर आमच्याकडे "ठाण्याला पाठवा त्याला" म्हणतात, वेड्यांचं हॉस्पिटल तिथलं म्हणून. आम्ही दोघं भावंडं वर्तकनगरला वाढलो, म्हणजे ठाण्यातच, त्यामुळे हा विनोद आम्ही इतरांपेक्षा जरा जास्तच ऐकला. मामेभावंडं सुट्टीला आली की दारातूनच विचारायची, "काय रे, सोडलं का तुम्हाला?" आणि पोट धरून हसायची. आम्हीही हसायचो. पुढे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला खरोखरच ठाण्याला न्यायची वेळ आली, एकदा नाही, दोनदा. तेव्हापासून हा विनोद करणाऱ्याच्या घरी मी पाणीसुद्धा पीत नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आता बावन्नचा. लग्न केलं नाही. कल्याणला एका आर्किटेक्टकडे इमारतींचे नकाशे काढतो, आधी हाताने काढायचा, आता कॉम्प्युटरवर. चौतिसाव्या वर्षी आजार सुरू झाला. गोळ्या चालू असल्या की तो तुमच्याआमच्यापेक्षा शहाणा. गोळ्या बंद केल्या की महिन्याभरात त्याला वाटायला लागतं, आपल्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय. कोण घालतंय ते बदलत असतं. एकदा ऑफिसातला शिपाई होता. एकदा मी होते.

मी होते ती ठाण्याला न्यायची पहिली वेळ. सहा वर्षांपूर्वी, तेव्हा तो डोंबिवलीला आमच्याकडेच राहायचा. खायचा नाही, झोपायचा नाही, माझ्या हातचा चहा मोरीत ओतायचा. दवाखान्याचं नाव काढलं की खोलीला कडी. मग आम्ही तेच केलं जे अशा घरांतून सगळेच करतात. कुणी सांगतं मावशी आजारी आहे, कुणी सांगतं मुलगी बघायला जायचंय. मी सांगितलं, "अंगारकी आहे, टिटवाळ्याला गणपतीला जाऊन येऊ." आमचे हे म्हणाले, "सरळ सांगून बघू या का?" मी म्हटलं, "सरळ सांगून कधी कुणी गेलंय का?" भावाने आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, नारळ आणि दूर्वा घेऊन गाडीत बसला. गाडी कल्याणकडे न वळता ठाण्याच्या रस्त्याला, शिळफाट्याकडे वळली. तो म्हणाला, "ताई, रस्ता चुकलाय." मी म्हटलं, "पुढून वळू."

असो. तो बरा झाला, घरी आला, भांडला नाही. वर्षभराने वर्तकनगरचं घर विकलं तेव्हा त्याच्या वाट्यात त्याने टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर वन रूम किचन घेतलं. मी म्हटलं, अरे, इतक्या लांब कशाला? तर म्हणाला, "आता मला टिटवाळ्याला नेतो म्हणून कुणी सांगू शकणार नाही. मी तिथेच असेन." हसत म्हणाला. मीही हसले. डोंबलाचं हसले!

यंदा त्याच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठ्या, पण सगळी बिल्डिंग त्यांना मावशीच म्हणते. नवरा वारला, मुलगा-सून नोकरीला, या घरी बसून ब्लाउज शिवतात. म्हणाल्या, "ताई, तुम्ही या एकदा. भाऊ दहा दिवस कामावर गेला नाय. दाराबाहेर शहाळ्यांचा ढीग लावलाय." मी त्याआधीच्या रविवारी गेलेले, तर तो म्हणाला होता सर्दी झालीय, जवळ येऊ नको. आणि मी अक्कलशून्य बाई, दारातून डबा देऊन परत आलेले.

गेले. त्याने आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं उघडलं नाही. मी त्याला बघितलं. पँट नाडीने बांधलेली. गालफडं बसलेली. म्हणाला, "तू खरी ताई आहेस का?"

"मग कोण आहे?"

"वर्तकनगरच्या घरात मोरीचं दार कुठे अडकायचं?"

"खालून. पावसाळ्यात."

जरा विचार केला आणि म्हणाला, "हे त्यांना पण माहीत असेल."

शिजवलेलं काहीच खात नव्हता. टँकरच्या पाण्यात औषध आहे म्हणून पाणी बंद. शहाळं प्यायचा, कारण शहाळ्यात कुणी काही घालू शकत नाही. सालीसकट मिळतं तेवढंच खायचा, केळी आणि संत्री. त्या दिवशी केळीही बंद झाली, कारण सालीवरचे काळे ठिपके म्हणजे सुईची भोकं. मी जाळीबाहेर बसून त्याच्यासमोर त्याच घडातली दोन केळी खाऊन दाखवली. तो बघत राहिला आणि म्हणाला, "तुझी निवडलेली असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कल्याणला त्याच्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, ॲडमिट करा. ते म्हणाले, आणा. म्हटलं, तो येत नाही म्हणून तर मी आलेय. तर त्यांनी मला कायदा समजावला. पूर्वीसारखं आता नातेवाइकांनी आणून सोडायचं नसतं. मनाविरुद्ध ठेवायचं तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करायचा. प्रतिनिधी म्हणजे आजारी माणसाच्या वतीने सही करणारा.

"द्या की मग फॉर्म," मी म्हटलं. "मी सख्खी बहीण आहे."

डॉक्टरांनी फाइल चाळली, एका कागदावर थांबले, चष्मा वर केला. "तुम्ही नाही आहात, ताई. त्यांनी दीड वर्षापूर्वी लिहून दिलंय. साध्या कागदावर, सहीनिशी. प्रतिनिधीची संमतीची सही पण आहे."

आणि नाव कुणाचं? समोरच्या मावशींचं!

मी एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली. दाखल्यासाठी आलेल्या किती आईबापांना मी खिडकीतून सांगितलं असेल, "अर्ज आणा, साध्या कागदावर, सहीनिशी." केलेलं असं फेडावं लागतं. पण तेव्हा असलं काही सुचलं नाही. तेव्हा नुसता संताप आला. अठरा वर्षं गोळ्या कोणी आणल्या? ऑफिसात जाऊन साहेबाचे पाय कोणी धरले? नोकरी कोणी टिकवली? आणि सही कुणाची, तर चार-पाच वर्षांच्या शेजारणीची. मेल्या, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!

तशीच उठले आणि टिटवाळा गाठलं. मावशींना म्हटलं, "तुम्ही सही केलीत आणि मला सांगितलं नाहीत?"

त्या मशीनवरून उठल्यासुद्धा नाहीत. "कसली सही?"

मी सांगितलं. त्यांचा पाय थांबला. आठवून बघितलं. मग कपाळावर हात मारला. त्या बिल्डिंगला पालिकेचं पाणी अजून धड येत नाही, टँकरवर चालतं. त्यामुळे दर आठ दिवसांनी कुणीतरी पाण्याचा अर्ज घेऊन दारोदार फिरत असतं आणि सगळे सह्या ठोकतात. भाऊ कागद घेऊन आला, मावशींच्या हातात काजं करायला घेतलेला ब्लाउज होता, पाण्याचाच असेल म्हणून त्यांनी सही केली.

"आयुष्यात एकच कागद न वाचता सही केला," मावशी म्हणाल्या, "तो नेमका हा. आमच्या बाबांनी आम्हाला हेच शिकवलेलं. वाचल्याबिगर सही नाय."

"त्याने विचारायचं तरी तुम्हाला!"

"विचारलं असतं तर मी नाय म्हटलं असतं. त्याला ठाऊक होतं."

सून आतून बाहेर आली, म्हणाली, "आई, पोलीस-कोर्टाचं लफडं असतं हे. सांगून टाका, चुकून केली." तिचं काही चूक नव्हतं. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण माझं सगळं घोडं त्या एका सहीशी अडलेलं. मी चक्क हात जोडले. ज्या बाईशी पाच मिनिटांपूर्वी भांडत होते तिलाच म्हटलं, तो मरेल हो. मावशी टीव्हीशेजारच्या बुद्धमूर्तीकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "सही देते. पण एक गोष्ट. मी त्याला फसवून नेणार नाय. सांगून नेणार."

त्याने त्यांना तो टिटवाळ्याच्या गणपतीचा किस्सा सांगितला होता. मला घर घेतानाच्या त्या चेष्टेपलीकडे सहा वर्षांत काही बोलला नव्हता तो, त्यांना सांगितला होता.

आणि मावशी खरोखरच उठल्या, समोरच्या जाळीशी गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, तुमची ताई तुम्हाला हॉस्पिटलात न्यायचं म्हणते. मी पण म्हणते. तुम्ही आजारी आहात." आतलं दार धाडकन बंद झालं. दोन दिवस उघडलं नाही.

"झालं समाधान?" मी मावशींना म्हटलं. "सांगून झालं?" मला त्यांच्या खऱ्याचा इतका राग आला होता की काय सांगू. खरं बोलायला माणूस जिवंत असावा लागतो. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून तो "पाणी?" असं म्हणाला, आणि मावशींनी न फोडलेलं शहाळं आत सरकवलं. कोयता त्याच्याकडे होता, पण सोलताना हातातून निसटून लादीवर पडायचा, तो आवाज बाहेर ऐकू येत होता. एका शहाळ्याला अर्धा तास.

मग पोलीस. तिथल्या चौकीत हवालदार चांगला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. पण प्रश्न ऐका.

"कुणाला मारलं का त्यांनी?"

"नाही."

"शिवीगाळ?"

"तो आयुष्यात कुणाला अरे-तुरे बोलला नाही."

"रस्त्यावर फिरतात का? कपड्यांचं भान नाही, असं काही?"

"अहो, तो घराबाहेरच येत नाही, तेच तर सांगतेय!"

"मग अवघड आहे. रस्त्यावर भटकत असते तर आम्ही उचललं असतं."

"म्हणजे आधी त्याला रस्त्यावर आणून सोडू, मग तुम्ही उचला, असं?"

हवालदार हसला नाही. त्याने विचारलं, घरात काही हत्यार आहे का. मी म्हटलं, शहाळी सोलायचा कोयता आहे. तर त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "मग झालं की ताई. लिहा, कोयता घेऊन अंगावर आला. अर्ध्या तासात गाडी पाठवतो."

खोटं सांगणार नाही, मी पेन घेतलं. 'माझा भाऊ' इथपर्यंत लिहिलं. मला दिसत होती फक्त ती नाडीने बांधलेली पँट. एका ओळीचं तर काम, आणि तो जिवंत राहील. गाडीत घालून नेलं तेव्हा एक खोटं बोललेच होते, आणखी एक बोलून काय आकाश कोसळणार होतं?

मावशी शेजारी बसलेल्या. म्हणाल्या, "कोयता कधी उगारला त्याने?"

"मावशी, आत्ता गप्प बसा."

"हे लिहिलंत तर माझी सही नाय. मग बसा."

"तो मरेल!"

"मरू नये म्हणून तर मशीन बंद करून तुमच्याबरोबर बसलेय ना? पण कागद राहतो, ताई. बरा झाला की कोण ठेवेल त्याला कामावर? बिल्डिंगमध्ये कोण राहू देईल? कोयतावाला म्हणतील त्याला जन्मभर."

मी पेन टेबलावर आपटलं. म्हटलं, मग तुम्हीच सांगा काय लिहू! दोघींचा आवाज चढला तशी आतल्या खोलीतून ऑफिसर मॅडम बाहेर आल्या. तिशीच्या असतील. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दुसरा रस्ता आहे. घरात असलेल्या मानसिक आजारी माणसाचे हाल होत असतील, घरचे त्याच्याकडे लक्ष देत नसतील, तर पोलिसांना मॅजिस्ट्रेटना कळवता येतं. मॅजिस्ट्रेट त्याला तपासणीसाठी हॉस्पिटलात न्यायचा हुकूम देतात.

"पण मी लक्ष देते!"

"मग आम्हाला कळवता येत नाही."

मी उभीच राहिले. काय काय बोलले देव जाणे. अठरा वर्षांचा पाढा वाचला असणार, दर रविवार, डबे, गोळ्यांची पाकिटं, लेकीच्या बाळंतपणात अर्ध्यातून उठून कल्याणला धावत आलेले ते. अख्खी चौकी ऐकत होती. एका कोपऱ्यात मोबाइल चोरीला गेला म्हणून आलेला माणूसही तोंड उघडं टाकून ऐकत होता. मॅडमनी मध्ये तोंड घातलं नाही. माझं झाल्यावर कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "तो एकटा राहतो. खात नाही. जवळ कुणी नाही. हे खरं आहे ना?"

खरं होतं.

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेचे सगळे दाखले माझ्या हातचे. त्याच अक्षरात लिहिलं की मी, खाली सही करणार, त्याची सख्खी बहीण, डोंबिवलीला राहते, आणि माझ्याकडून त्याची काळजी घेतली जात नाही. सही केली. मावशींनी तो कागद आधी पूर्ण वाचला आणि मग साक्षीदार म्हणून खाली सही केली.

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "स्वतःविरुद्ध तक्रार? दोन बेड सांगू का त्यांना?" चेष्टेत म्हणाले, मला कळलं, पण दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

कल्याणच्या कोर्टात अकराला बोलावलं, नंबर लागला चारला. एका बाकावर मी, मावशी आणि हवालदार. मावशींनी हूक लावायचे ब्लाउज सोबत आणलेले, दिवसभरात पाच झाले. मला दर दहा मिनिटांनी वाटत होतं, आता उठून ओरडावं, अहो, तिकडे माणूस वाळून चाललाय! पण तिथे बसलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी वाळून चाललेलं होतं.

न्यायाधीश बाईंनी कागद वाचला. वर बघितलं. "हयगय करणारी बहीण कुठे आहे?"

मी उभी राहिले. "मी."

"आणि अर्जदार?"

"तीपण मीच."

त्यांनी पुन्हा खाली बघितलं, मग हवालदाराकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा कागद पण तोंडावर फेकणार. त्यांनी विचारलं, "शेवटचं जेवला कधी?" मी सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, सही केली. दहा दिवस तपासणीसाठी, पोलिसांनी नीट न्यावं, बेड्या घालू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स आली, दोन पोलीस, एक महिला पोलीस. सगळ्या मजल्यांवरून माणसं जिन्यात डोकावत होती. पोलिसांनी दारावर दोनदा थाप मारली. आतून काही नाही. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मावशी पुढे झाल्या. "भाऊ, पोलीस आलेत. कोर्टाचा कागद आहे. दार नाय उघडलंत तर तोडतील. मी एकटी आत येऊ का आधी?"

मग कडी वाजली.

मी दाराशी उभी. मला आतलं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "तुम्ही सही केली?"

"केली."

"वाचून?"

"ह्या टायमाला वाचून."

त्यांनी त्याला धुतलेला शर्ट घातला, बटणं लावली. तो बाहेर आला तो भिंतीला धरून. माझ्याकडे बघितलं नाही. जिना उतरताना दोनदा खाली बसला, पोलिसाने त्याला काखेत धरलं, ओढलं मात्र नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याच्या पायाशी, मावशी डोक्याशी. शहाडच्या पुलावर गाडी अडकली. तिथे एरवीही अडकते, त्या दिवशी काय कुणी ओवाळून सोडणार होतं? अर्धा तास ना पुढे ना मागे. भावाने डोळे उघडले आणि मावशींना विचारलं, "कुठे नेतायत?"

मी मावशींच्या तोंडाकडे बघत होते.

"ठाण्याला."

"किती दिवस?"

"दहा दिवस तपासायचेत. पुढचं डॉक्टर ठरवतील. जास्त ठेवायचं म्हणाले तर माझी सही लागेल, मी वाचून करीन. कागद हाय माझ्याकडे. वाचू?"

मावशींनी पिशवीतून झेरॉक्स काढली आणि वाचायला लागल्या. कोर्टाचं मराठी त्यांना सोपं जात नव्हतं, शब्दागणिक थांबत होत्या. हुकूम संपला, मागे माझा अर्ज जोडलेला, तोही वाचला. सख्खी बहीण, डोंबिवली, काळजी घेतली जात नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. एकाएकी तो म्हणाला, "हे कुणी लिहिलं?"

दार लावून घेतल्यापासून पहिल्यांदा त्याने मला काही विचारलेलं ते. म्हटलं, "मी."

"खोटं आहे."

"माहितीये."

"मग सही कशाला केलीस?"

"तुला न्यायला दुसरं काही चालत नव्हतं, बाबा." आणि मला इतकं रडू आलं की पोलीसबाईने पाण्याची बाटली पुढे केली. तो माझ्याकडे बघत होता. पुढे गाडी हलली.

हॉस्पिटलात दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं. दहा दिवसांनी म्हणाले, अजून ठेवायला हवं. मावशी टिटवाळ्याहून आल्या, अर्ज वाचला, दोन शब्दांचा अर्थ विचारला, सही केली. मी शेजारी उभी राहून बघत होते. बाहेर आल्यावर दोघींनी वडापाव खाल्ला. मी त्यांना म्हटलं, माझी फार चिडचिड झाली तुमच्यावर. त्या म्हणाल्या, "माझी पण झाली तुमच्यावर," आणि लसणाची चटणी मागून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात तो वॉर्डातला वरणभात खायला लागला. मी गेले की ताट दाखवायचा, रिकामं. चेहऱ्यावर मांस आलं. बोलणं पूर्वीसारखं झालं, सावकाश, नीट. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला कागद दिला, म्हणाले, प्रतिनिधी तोच ठेवायचा की बदलायचा ते ठरवा. मी बाजूलाच बसलेले. मी मनात धरलंच होतं. आता काय, माझंच नाव घालणार. त्याने पेन घेतलं आणि सावकाश मावशींचं नाव लिहिलं.

मी खूप दाबायचा प्रयत्न केला, पण नाही दाबलं गेलं. "अरे, मी काय कमी केलं रे तुझं? स्वतःविरुद्ध लिहून दिलं मी! कोर्टात उभी राहिले! आणि अजून मी नाहीच?"

त्याने पेनचं टोपण लावलं. "ताई, मागच्या वेळी तू आणून सोडलंस. मग भेटायला पण तूच यायचीस. न्यायला पण तूच येणार होतीस. इथे दिवसभर करायला काही नसतं, कुणाची तरी वाट बघायची असते. तेव्हा मला कळायचंच नाही मी कुणाची वाट बघू. तुझी बघायचो आणि तुलाच शिव्या द्यायचो. ह्या वेळी शिव्या मावशींना दिल्या."

"आणि?"

"आणि तुझी वाट बघितली."

मी उगाच त्याच्या पिशवीतले कपडे काढून पुन्हा घडी घालायला लागले. शेवटी म्हटलं, "उद्या अकराला येते न्यायला."

"दहाला ये," तो म्हणाला. "मी नऊपासून तयार असेन."